दहा दिवसांचे बाळ आणि एक प्रबंध

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले की समुद्रप्रवास, नऊवारी लुगडे, हट्टी गोपाळराव आणि ऐन तारुण्यात आलेला मृत्यू एवढ्या गोष्टी मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चटकन उभ्या राहतात. नाटक, कादंबरी आणि चित्रपटांनी ही कथा घरोघरी पोहोचविली. मात्र अमेरिकेत वैद्यकाच्या पदवीसाठी त्यांनी कोणता विषय निवडला होता, याची चर्चा तुलनेने कमी झाली. तो विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. बाळंतपण आणि नवजात अर्भकाची निगा याविषयी आपल्या परंपरेने काय सांगितले आहे, याचा शोध घेण्यासाठी बाविशीही न गाठलेली एक मराठी मुलगी फिलाडेल्फियात बसून संस्कृत ग्रंथांचे दाखले जुळवीत होती. या निवडीचे मूळ तिच्या स्वतःच्या आयुष्यात होते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या गणपतराव जोशी यांचे हे घराणे एके काळी सधन होते; पुढे त्याला उतरती कळा लागली. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचा विवाह टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि पत्नीपेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे. पत्नीला शिकविण्यास कोणी हरकत घेऊ नये, या अटीवरच त्यांनी हा विवाह केला. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांची शिकवणी प्रेमळ नव्हती. अभ्यासात कुचराई झाली तर ते मारहाणही करीत. तरीही अक्षरओळखीपासून सुरू झालेला हा प्रवास त्या मुलीने आपलासा केला. घरात शिक्षणाला विरोध वाढला की गोपाळराव बदली मागून घेत. कल्याणहून अलिबाग, तेथून कोल्हापूर, पुढे मुंबई, भूज आणि कलकत्ता अशी ही बिऱ्हाडे हलत राहिली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. बाळ अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर आपले मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली आणि वैद्यक शिकण्याचा विचार त्यातूनच रुजला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी तान्ह्या मुलांचे मृत्यू इतके सवयीचे होते की, मूल कशाने गेले हे विचारण्याची रीतच नव्हती. एकाचे आयुष्य तेवढेच होते, दुसऱ्याला दृष्ट लागली, तिसऱ्याच्या कपाळी सटवाईने तसे लिहिले होते, अशी उत्तरे तयार असत. आनंदीबाईंनी हे उत्तर स्वीकारले नाही, हे त्यांचे पहिले वेगळेपण.

त्यांच्या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील बाळंतिणीच्या खोलीत डोकावणे आवश्यक आहे. प्रसूती घरीच होई आणि घरातील बहुधा सर्वात अंधारी खोली त्यासाठी राखून ठेवली जाई. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, आत शेगडी, ओवा-शेपाची धुरी आणि दहा दिवसांची सोयर. या दिवसांत बाळंतिणीला शिवायचे नाही. साहजिकच तिच्या वाट्याला जुनेर, फाटकी वस्त्रे आणि टाकाऊ बाज येई. बाळंतपण करणारी सुईण अनुभवी असे, मात्र हात आणि हत्यार स्वच्छ असले पाहिजे हा विचार तिला कोणी शिकविलेला नसे. नाळ घरात हाती लागेल त्या विळ्याने किंवा सुरीने कापली जाई. जखम सुकावी म्हणून तिच्यावर राख, तेल किंवा कोठे कोठे शेणही लावले जाई.

पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडली जाई. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, असा समज. घरातील बायका रात्रभर जागत. या जागरणामागील भीती निराधार नव्हती. अस्वच्छ हत्याराने कापलेल्या किंवा माती-शेणाचा संसर्ग झालेल्या नाळेतून होणारा धनुर्वात साधारणपणे तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत डोके वर काढतो. बाळ अंगावर प्यायचे थांबते, जबडा घट्ट मिटतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते आणि पाहता पाहता मूल हातचे जाते. हा काळ आणि सटवाईच्या रात्रीचा काळ जवळजवळ एकच आहे. धोका कधी असतो, हे परंपरेने अचूक हेरले होते. तो कोठून येतो, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

कारण कळण्याची वेळ जगातही नुकतीच येत होती. हात धुण्याने बाळंतज्वर टळतो, हे व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिले, तरी त्यांच्याच व्यवसायबंधूंनी ते मानले नाही. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मधील. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, याचा पुरावा १८८४ मध्ये जर्मनीत पुढे आला, म्हणजे आनंदीबाई वैद्यकाच्या विद्यार्थिनी असतानाच. तो जंतू वेगळा करून वाढविण्यात जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांना यश आले ते १८८९ मध्ये. तोपर्यंत आनंदीबाई या जगात नव्हत्या.

अमेरिकेचा मार्ग उघडला तो एका पत्रामुळे. पत्नीला अमेरिकेत शिकविण्याच्या इच्छेने गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापले गेले. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते १८८० मध्ये वाचले आणि आनंदीबाईंना पत्र धाडले. या ओळखीचे रूपांतर मायलेकींसारख्या नात्यात झाले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. दोघींच्या पत्रांतून हिंदू घरांतील चालीरीती, स्त्रियांची दुखणी आणि आनंदीबाईंची स्वतःची नाजूक प्रकृती यांविषयी मोकळेपणाने लिहिले गेले.

परदेशगमनाचा बेत जाहीर होताच टीकेचे मोहोळ उठले. गोपाळराव त्या वेळी बंगालमधील श्रीरामपूर येथे नोकरीला होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून टीकाकारांना उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. महाविद्यालयाकडे केलेल्या प्रवेश अर्जातही त्यांनी हेच लिहिले. पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षा आपल्या देशातील स्त्रिया मरण पत्करतात, हे त्यांनी तेथील चालकांच्या निदर्शनास आणले. औषध उपलब्ध असले तरी ते रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी विश्वासाचा हात लागतो, ही जाण त्या वयात असामान्यच म्हटली पाहिजे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक. अधिष्ठाता डॉ. रेचेल बोडले यांनी आनंदीबाईंना मायेने सांभाळले. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली शेजारी-शेजारी दिसतात.

परमुलखात आनंदीबाईंनी आपला वेश आणि शाकाहार सोडला नाही. फिलाडेल्फियाची कडाक्याची थंडी आणि तुटपुंजा आहार यांची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. मतांच्या बाबतीतही त्या कोणाच्या साच्यात बसणाऱ्या नव्हत्या. अमेरिकन श्रोत्यांसमोर बालविवाहाविषयी बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी या प्रथेचा निषेध केला नाही, तर तिची बाजू मांडली, अशी नोंद चरित्रग्रंथांत आढळते. चौदाव्या वर्षी आई होऊन मूल गमावलेल्या स्त्रीने असे बोलावे, हे आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकणारे आहे. परक्यांच्या देशात आपल्या समाजाची नालस्ती होऊ नये, ही भावना त्यांच्या मनात प्रबळ होती. आपल्या माणसांची लाज न बाळगता त्यांच्या उणिवा कशा दूर करायच्या, हा पेच त्यांना अखेरपर्यंत सुटला नसावा. प्रबंधाच्या विषयाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

या प्रबंधाला आधार होता तो सुश्रुतादी प्राचीन वैद्यकाचा आणि धर्मशास्त्राचा. या ग्रंथांत नवजात अर्भकाच्या संगोपनाचा विचार तपशिलाने केलेला आहे. सुश्रुतसंहितेत सूतिकागार कसे असावे, याची मापे दिलेली आहेत. आठ हात लांब, चार हात रुंद आणि पूर्वेला किंवा दक्षिणेला दार असलेली ही वास्तू प्रसूतीपूर्वी तयार ठेवायची. बाळाच्या नाळेला आठ अंगुळे अंतरावर दोऱ्याने बांधून मग ती कापावी, असे सुश्रुत सांगतो. त्यासाठी सोने, रूपे किंवा लोखंड यांचे धारदार शस्त्र वापरावे, असे चरकसंहितेत म्हटले आहे. नाभी पिकल्यास कोणते औषधी तेल लावावे, याचेही मार्गदर्शन तेथे मिळते. टाकाऊ बाज आणि घरातला विळा यांचा या ग्रंथांशी काहीच संबंध नव्हता. शास्त्र एक सांगत होते आणि शास्त्राच्या नावाने घरात दुसरेच चालले होते.

तथापि, ग्रंथात आहे ते सारेच हितकारक, असेही म्हणता येत नाही. मातेला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येते, असे गृहीत धरून सुश्रुताने आरंभीचे दिवस बाळाला मध आणि तूप चाटविण्यास सांगितले. पहिले घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याची घरोघरची चाल या समजुतीशी जुळणारी होती. आजचे वैद्यक याच्या नेमके उलट सांगते. चिकात रोगप्रतिकारक घटक भरपूर असल्याने जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे आणि एक वर्षापर्यंत मध देऊ नये, कारण मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. याच ग्रंथपरंपरेत स्कंद, पूतना, नैगमेष अशा बालग्रहांच्या बाधेचेही वर्णन आहे. निरीक्षण आणि श्रद्धा यांचे धागे परंपरेत असे एकमेकांत गुंतलेले होते. ते सोडविण्यासाठी दोन्ही बाजू जाणणारी व्यक्ती हवी होती. आनंदीबाईंना स्वतःच्या बाळंतपणाचा अनुभव होता, ग्रंथांचे वाचन होते आणि आता आधुनिक वैद्यकाचे शिक्षणही मिळाले होते.

त्या ज्या देशात शिकत होत्या, तेथेही सारे आलबेल नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे रडक्या मुलाला अफूमिश्रित बाळागोळी देऊन निजविले जाई, तर अमेरिकेत त्याच कामासाठी मॉर्फीन मिसळलेली सिरपे औषधांच्या दुकानांत सर्रास विकली जात. मुले त्यानेही दगावत. आईचे अज्ञान ही कोण्या एका देशाची मिरासदारी नव्हती.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी प्रदान करण्यात आली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी ही पहिली महाराष्ट्रीय स्त्री. समारंभाला गोपाळरावांसह पंडिता रमाबाईही उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली आणि आनंदीबाईंनी ती आनंदाने स्वीकारली.

मात्र क्षयाने शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या तेव्हाच प्रकृती खालावलेली होती. वैद्य-डॉक्टरांचे उपाय झाले, हवापालट झाला. उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर अवकाश होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या कधीही रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

एकाही बाळंतिणीवर मायदेशी उपचार न करता गेलेल्या डॉक्टरचे कार्य कशात मोजायचे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांकडे पाहून मिळते. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निधीतून स्त्रियांसाठी दवाखाने निघाले आणि सुइणींच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. बालपणी लादलेला विवाह नाकारून न्यायालयात लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यक शिकण्यास गेल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. मुलीने डॉक्टर व्हावे, ही कल्पना आता अशक्य कोटीतील राहिली नव्हती.

आनंदीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुरते मिळण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला. गर्भवतींना धनुर्वाताची लस, स्वच्छ ब्लेड, निर्जंतुक दोरा आणि नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवणे, या साध्या उपायांच्या जोरावर भारताने २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्रातच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. माता आणि आजीबाईंशी त्यांच्याच बोलीत बोलणाऱ्या या आरोग्यदूतांमुळे तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर नेण्यात आली.

या यशातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाळंतिणीची विश्रांती, बाळाला दिलेली ऊब, दीर्घकाळ अंगावर पाजणे, लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणणे या जुन्या रीतींना आधुनिक वैद्यकाचा विरोध नाही. त्यातील बऱ्याच तर त्याला हव्याच आहेत. नाळेवर राख लावणे, चीक टाकून देणे, तान्ह्या बाळाला मध चाटविणे, डोळ्यांत काजळ घालणे, नाका-कानांत तेल सोडणे या रीती मात्र सोडल्याच पाहिजेत. शहरातील सुशिक्षित घरांतही यांपैकी काही प्रकार कौतुकाने केले जातात आणि घरातील वडीलधाऱ्यांना दुखवू नये म्हणून नवी आई गप्प बसते. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा उपहास करून भागत नाही. कोणती रीत राखायची आणि कोणती सोडायची, हे त्यांना कारणासह सांगावे लागते.

शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे आडनाव देण्यात आले आहे. पृथ्वीवरचे त्यांचे स्मारक अधिक साधे आहे. ज्या घरात बाळाची नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवली जाते, पहिला चीक वाया जात नाही आणि दुधाला तोंड न लावणाऱ्या तान्ह्या बाळाला दृष्ट काढण्याआधी दवाखान्यात नेले जाते, त्या घरात दीड शतकापूर्वी एका चौदा वर्षांच्या आईला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले गेलेले असते.